बुधवारची काजळी

प्रिय धाकट्या,

तुझा लांबलचक मेसेज मिळाला. एरवी "ठीक", "बघू", "हो" यापुढे तुझी बोटं जात नाहीत. यावेळी एवढं लिहिलंस म्हणजे तिकडे तूही सुखात नाहीस, हे कळलं. आईच्या दिवसांना आलास तेव्हा सगळ्यांसमोर मला निष्काळजी म्हणालास, "गाडी तुझ्या हाताखालून जाते ना, मग चढावर तिने दगा कसा दिला?" असं ओरडलास, त्याबद्दल आता वाईट वाटतंय म्हणतोस. वाटू दे थोडं. नाही रे, चेष्टा करते. तुझा राग मी धरून ठेवलेला नाही. तुझ्या जागी मी असते तर हातातला पाना फेकून मारला असता. तू पुढच्या आठवड्यात येतोयस, आणि आल्यावर बाबांचं नि माझं जुळवून देणार आहेस, असंही लिहिलंयस. त्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. फोनच करणार होते, पण बाबा हल्ली गॅरेजच्या वर माझ्या शेजारच्या खोलीत राहतात, भिंत पातळ आहे आणि त्यांचे कान या वयातही तिखट आहेत. म्हणून खाली टेबलावर ऑइलचे डाग चुकवत हाताने लिहितेय. अक्षर लागलं नाही तर फोन करून विचारू नकोस, अंदाज बांध.

त्या दिवसाचं तुला एवढंच माहीत आहे की बुधवार होता, बाबा आईला घेऊन नेहमीप्रमाणे उपचारांसाठी घाटावरच्या इस्पितळात निघाले होते, वाटेत तिला धाप लागली आणि नेमकी तेव्हाच गाडीने मान टाकली. मलाही तेवढंच माहीत होतं. पण गाडी बंद पडली नव्हती. तू सगळ्यांना "बंद पडली" सांगत फिरतोस म्हणून हे आधी सांगते. ती रांगत राहिली. पाय कितीही दाबला तरी एखादा दमदार सायकलवाला पुढे निघून जाईल, एवढाच वेग. मागून हॉर्न, शिव्या, शेजारी आई, आणि बाबा स्टिअरिंगवर ओणवे होऊन तशीच चढवत राहिले. इस्पितळाच्या फाटकाशी पोचेपर्यंत आई गेली होती. कुठल्या वळणावर गेली ते त्यांना माहीत आहे. ते सांगत नाहीत आणि मी विचारलेलं नाही.

तू परत गेलास त्यानंतर गाडी गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून होती. माझ्याच्याने तिला हात लाववेना. गिऱ्हाइकांच्या गाड्यांखाली दिवसभर लोळत होते, तिच्याकडे मात्र पाठ. बाबांनी तुझं ते ओरडणं ऐकलं होतं. तू गेल्याच्या दुसऱ्या सकाळपासून जिन्यावरून उतरून येऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "सापडलं का गं, काय झालं होतं तिला?" आयुष्यभर कात्री चालवलेला माणूस. शिवण उसवली तर ती कुठल्या टाक्यापासून उसवली हे कळेपर्यंत त्यांना चैन पडायचं नाही, तुला आठवत असेल. जेवायला बसायचे, पानाकडे बघत राहायचे, हात धुवायचे. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल होत चालली होती, आणि ती स्वतः शिवलेली. एकदा मी घासासाठी मागे लागले तर म्हणाले, "खाईन गं, आधी तू गाडीचं बघ." एका सकाळी त्यांनी वेगळंच विचारलं. "नुसती उभी राहून बिघडते का गं गाडी? म्हणजे, इंजिन चालू ठेवून?" मी हातातलं काम न सोडता म्हटलं, "छे, उभ्या गाडीला काय होतंय." आज ते आठवलं की वाटतं, देवाने मला तेवढी तरी अक्कल वेळेवर दिली. अक्कल कसली, घाईच होती माझी. पण उपयोगी पडली.

शेवटी त्यांच्यासाठीच मी ताडपत्री काढली. तुला स्टिअरिंगच्या पलीकडलं काही कळत नाही, म्हणून लहानपणी तुला गणित शिकवायचे तसं सांगते, मध्ये जांभया देऊ नकोस. डिझेल इंजिन श्वासावर चालतं. जितकी हवा आत, तितकं डिझेल जळणार, तितका जोर. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारी भिंगरी. गंमत अशी की तिला फिरवतो तो इंजिनाचाच बाहेर पडणारा धूर. भिंगरीभोवती बारीक पात्यांचं कडं असतं, ती पाती मिटतात, उघडतात आणि धूर किती जोराने भिंगरीवर आदळायचा ते ठरवतात. ही पाती अडकली की हवेचं गणित चुकतं. मग गाडीतला संगणक घाबरतो आणि इंजिनाचं काही बरंवाईट होऊ नये म्हणून स्वतःच ताकद काढून घेतो. सपाट रस्त्यावर हळू चालवणाऱ्याला यातलं काही कळतही नाही. चढ लागला की कळतं.

स्कॅनर लावला तर हवेच्या दाबाचा दोष दाखवला. पण ते यंत्र ताप आहे एवढंच सांगतं, तो कशाने आला हे अंगाला हात लावूनच बघावं लागतं. मी सोप्या टोकाकडून सुरुवात केली. हवेच्या फिल्टरचा डबा उघडला, तर आत कोपऱ्यात सुयांसारखी सुकलेली पानं साचलेली. सुरूच्या झाडाची. हवेच्या झोताने ती उडवून लावली आणि पुढे गेले, कारण मला दोष शोधायचा होता, झाडं नाही. मग पाइप. एकेक पाइप तपासला, कुठे चीर नाही, कुठे गळती नाही. हे लक्षात ठेव, पाइप सगळे धडधाकट होते. मग पाती हलवणाऱ्या दांड्याला हातपंप लावला. तो दांडा कपाटाच्या खणासारखा अलगद सरकायला हवा. हा अर्ध्यात अडकायचा, पंप मारत राहिलं की एकदम उडी मारायचा, सोडला की तिथेच चिकटायचा. तेव्हा टर्बो खाली उतरवला, उघडला. पाती दिसेनात इतकी काजळी. दाट, चिकट, बोट फिरवलं तर बोटाला थर यावा अशी.

आणि इथे माझं डोकं चालेना. अशी काजळी साचते ती कधीच नीट न तापणाऱ्या गाडीत. घरापासून बाजारापर्यंत जाणारी गाडी, किंवा तासन्‌तास एका जागी इंजिन चालू ठेवून उभी असलेली. अशा गिऱ्हाइकांना मीच सांगते, आठवड्यातून एकदा घाट चढवून आणा, गाडी तापली की काजळी आपोआप जळून जाते. बाबा गाडी चालवतात ती मांडीवरचं मूल उठू नये अशी, हे मला काय माहीत नव्हतं? पण मी निर्धास्त होते. माझ्या हिशेबात दर बुधवारचा घाट हेच त्या गाडीचं औषध होतं. मी डिझेल तपासलं, ऑइल तपासलं, माझीच चूक शोधत राहिले. साप साप म्हणून भुई धोपटत होते. शेवटी हात पुसून स्टुलावर बसले आणि जे दिसत होतं ते स्वतःशी कबूल केलं. ही गाडी कित्येक महिन्यांत घाट चढलीच नव्हती.

मी इस्पितळात फोन केला. गाडीबद्दल विचारायला नाही, असं मी स्वतःला बजावलं. तोफखान्याला आईची बातमी द्यायची राहिली होती, ती द्यायला. आठवते ना तुझी तोफखाना नर्स? दर बुधवारी संध्याकाळी तुझा फोन आला की आई तिचंच पुराण लावायची. तोफखाना लिफ्टमध्ये अडकली आणि आतून एवढी गरजली की लिफ्ट भिऊन सुरू झाली. तोफखान्याच्या नवऱ्याने तिच्या डब्याला शेजारणीच्या डब्याचं झाकण लावून पाठवलं आणि त्यावरून घरी महाभारत झालं. तोफखाना सुई टोचताना स्वतः डोळे मिटते. तू हसून हसून बेजार व्हायचास, मग विचारायचास, "आई, त्रास होत नाही ना गं फार?" आणि ती म्हणायची, "तोफखाना असल्यावर कसला त्रास." तू तर तिच्यासाठी लोकरीचा स्कार्फ पाठवला होतास, आणि तो बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, असं आईनेच तुला सांगितलं होतं. वॉर्डातल्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, अशी कुणी नर्स आमच्याकडे नाही. आणि तुमच्या आईंनी तर थंडी सुरू व्हायच्या आधीच उपचार थांबवले, सही करून गेल्या होत्या. त्यांनी आईच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन जोडून दिला. डॉक्टर काय म्हणाले ते पुढे सांगते.

धाकट्या, इथे थांबून पाणी पी. मीही प्यायले होते.

सुरूची झाडं आपल्या गावात एकाच ठिकाणी आहेत, जुन्या तळ्याच्या काठाला. मी तिकडे गेले. तिथला रखवालदार पंप-घराच्या ओट्यावर बसला होता. मला ओळखत नव्हता, पण गाडी ओळखली. मी ती अजून जोडून घेतली नव्हती, फोटो दाखवला. तोंड भरून हसला आणि म्हणाला, "आजींची गाडी! एका बुधवारी दुपारीच घाईघाईने निघाले, त्यानंतर दिसलेच नाहीत दोघं. बऱ्या आहेत ना आजी?" मी मान हलवली. कुठल्या दिशेने हलवली ते मलाच माहीत नाही. मग तो आपणहून बोलत सुटला, मी फक्त ओट्यावर बसून राहिले. दर बुधवारी सकाळी यायचे, त्या झाडांखाली पाण्याकडे तोंड करून गाडी लावायचे, संध्याकाळी जायचे. आजींना सारखी थंडी वाजायची म्हणून गाडीतला हीटर चालू, म्हणून इंजिन चालू. सुरुवातीला यानेच काच ठोठावून सांगितलं होतं, आजोबा, इंजिन बंद करा, धूर होतो. तर आजी काच खाली करून म्हणाल्या, "बाबा रे, माझं इंजिन आता गार पडायला लागलंय, हिचं तरी चालू राहू दे." तेव्हापासून तो काही बोलला नाही. उलट तिने थर्मासमधला चहा दिला की ओट्यावर बसून प्यायचा.

गाडीत ते रमी खेळायचे. आई पत्ते लपवायची आणि बाबा दिसूनही गप्प राहायचे, हे त्या परक्या माणसालासुद्धा कळलं होतं. आणि संध्याकाळ व्हायला लागली की ती म्हणायची, "अहो, आज तोफखान्याला काय करायला लावू या?" मग दोघं मिळून गोष्ट रचायची. बाबांनीही त्यात भर घातलीय, धाकट्या. आपले बाबा, ज्यांना दुकानात गिऱ्हाइकाशी कापडाचं माप सोडून दुसरं बोलता आलं नाही. डब्याच्या झाकणाची गोष्ट त्यांची. एकदा या माणसाने आईला विचारलं, मुलांना का नाही सांगत? तर म्हणाली, "मुलगी मला पाठुंगळी मारून घाट चढवील, आणि मुलगा सगळं टाकून धावत येईल आणि दोघं मिळून मला पुन्हा त्या सलाइनच्या बाटल्यांना जुंपतील. माझी मुलं फार चांगली आहेत, तीच तर पंचाईत आहे." उपचार घेऊन आली की पुढचे कितीतरी दिवस तिचे भांड्यावर वाकून जायचे, ते तू पाहिलं नाहीस, मी पाहिलंय. तिला उरलेले दिवस पाण्याकडे बघत घालवायचे होते. बाबांना तिने शपथ घातली आणि त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

मला राग आला नाही असं नाही. परत येताना तर मी बाबांवर इतकी चिडले होते की जिना चढून त्यांना हलवून विचारावंसं वाटत होतं. तुला शेवटचं भेटायला मिळालं नसतं का? मला दर बुधवारी शटर बंद करून तिच्याबरोबर पत्ते खेळता आले नसते का? पण गॅरेजमध्ये आले आणि टर्बो समोर टेबलावर पडला होता. साफ करायला घेतला. पात्यांवरची काजळी खरवडत होते आणि हमसून हमसून रडत होते. त्यांची ऊब होती ती सगळी. चहा, रमी, खोट्या नर्सच्या खऱ्या गोष्टी, सगळं त्या कड्यात साचत गेलं. आणि ज्या दिवशी घाट खरंच चढायची वेळ आली त्या दिवशी त्यानेच गाडीची पाती धरून ठेवली. आईला धाप लागली ती तळ्यावरच. तिथे फोन लागत नाही, तळ्याकडून इस्पितळ घरापेक्षा जवळ, म्हणून बाबांनी तिला घेऊन थेट चढाला गाडी घातली. अजून एक गोष्ट आहे, ती फक्त तुला सांगते. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन एकदा बंद करून पुन्हा चालू केली तर संगणकाची भीती बरेचदा जाते आणि थोडी तरी ताकद परत येते. बाबांना हे ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक असतं तरी त्यांनी इंजिन बंद केलं नसतं, आई गारठली असती म्हणून.

आता डॉक्टर. मी त्यांना स्पष्ट विचारलं, गाडी धडपणे चढली असती तर? ते म्हणाले, उडत आणलं असतं तरी आम्ही काही करू शकलो नसतो, तिचं हृदय थकलं होतं, ते त्या दिवशी थांबणारच होतं. हे त्यांनी बाबांनाही त्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे. बाबांनी ऐकलं असेल, पण त्यांचा त्यावर विश्वास बसलेला नाही, माझी खात्री आहे. नाहीतर रोज सकाळी जिना उतरून आले नसते. उभी राहून बिघडते का, असं विचारलं नसतं. त्यांना संशय होता, धाकट्या. त्यांना गाडीतलं ओ की ठो कळत नाही, पण काहीतरी आतून टोचत होतं. मी जर खरं सांगितलं असतं, हो बाबा, उभी राहून बिघडते, तासन्‌तास इंजिन चालू ठेवलंत म्हणून काजळी साचली, तर त्यांनी ते एकच वाक्य उरलेलं आयुष्य चघळलं असतं. आईचे ते शेवटचे सगळे बुधवार त्यांच्या डोळ्यांसमोर तिच्या मरणाचं कारण होऊन बसले असते. तिला सुख दिलं त्याचीच शिक्षा.

आणि नुसतं "काही नाही, जुनी झाली होती" म्हणून भागलं नसतं. त्यांना उसवलेला टाका दाखवावा लागणार होता. म्हणून मी एक टाका उसवला. टर्बोच्या दांड्याकडे जाणारा रबरी पाइप काढला. ब्लेडने कापून चालणार नव्हतं, कापलेलं आणि झिजलेलं यातला फरक बाबांना झोपेतही कळेल. म्हणून दुसऱ्या एका गाडीच्या तापलेल्या नळीला तो टेकवून धरला, जळून भोक पडेपर्यंत. हाताला चटका बसला तो अजून आहे. सकाळी बाबा खाली आले, नेहमीचं विचारलं, आणि मी तो पाइप त्यांच्या हातात दिला. म्हटलं, बाबा, सापडलं. मागच्या सर्व्हिसला मी हा काढून परत लावला, क्लिप बसवायची विसरले. हा गरम भागाला टेकला, जळला, टर्बोची ताकद गेली. त्यांनी चष्मा लावला. पाइप उलटा केला, सुलटा केला, भोकात करंगळी घालून बघितली. मग विचारलं, "क्लिप लावली असतीस तर?" मी म्हटलं, तर काही झालं नसतं.

त्यांनी पाइप टेबलावर ठेवला. "आई होती गं ती तुझी," एवढंच म्हणाले आणि वर निघून गेले. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. तू ओरडलास तेव्हा मला लागलं नव्हतं इतकं ते वाक्य लागलं, खोटं कशाला बोलू. आपल्या घरातल्या इतक्या वर्षांच्या त्या जोड्या, धाकट्या. तू आईचं शेपूट आणि मी बाबांचं. पहिलं गॅरेज उघडलं तेव्हा लोक म्हणाले, बाई काय गाडी दुरुस्त करणार, आणि बाबा स्वतःची गाडी आणून सगळ्यांसमोर माझ्या दारात लावून गेले होते. आता जिन्यावर समोरासमोर आलो तर भिंतीकडे सरकून मला वाट देतात. परक्या माणसाला देतात तशी.

पण त्याच दुपारी ते जेवले. ताट आपटलं, भांडी आदळली, मला वाढू दिलं नाही, स्वतः घेऊन खाल्लं आणि पुन्हा घेतलं. दुसऱ्या दिवशी दाढी केली. चोरासारखा बसलेला माणूस जेवत नाही, रागावलेला माणूस आदळआपट करत का होईना जेवतो. शेजारच्या घड्याळजीपाशी माझ्या नावाने बोटं मोडतात असं कानावर आलं, आणि मी मनात म्हटलं, मोडा, खुशाल मोडा. आणि गेल्या बुधवारी ते छत्री काठीसारखी टेकत बाहेर पडले, संध्याकाळी परत आले. चपलांना सुरूच्या सुया चिकटल्या होत्या. रखवालदाराकडे मी हळूच चौकशी केली. त्याच झाडांखाली बसून होते, खिशात पत्ते होते, त्याच्याशी एक डाव खेळले आणि तो पत्ते लपवत नाही म्हणून त्यालाच नावं ठेवली. मी खरं सांगितलं असतं तर त्या तळ्याकडे ते पुन्हा कधी फिरकले नसते.

म्हणून हे पत्र. तू येतोयस ते मला निर्दोष ठरवायला, आता हे वाचून डॉक्टरांचं बोलणंही त्यांना पटवून द्यायला, "बाबा, ताईची काही चूक नाही" म्हणायला. माझ्या राजा, तसं म्हणू नकोस. माझी चूक नाही असं त्यांना पटलं, तर ते पुन्हा सकाळी जिना उतरून येतील आणि मग चूक कोणाची, हे शोधत बसतील. मला माफ केलंयस ते तुझ्यापाशी ठेव, मला पोचलं. आल्यावर दारात माझ्याशी बोलू नकोस. मी चहा आणला तर नको म्हण, तहान लागली तरी. बाबा माझ्याबद्दल काही बोलले तर मान डोलाव. बुधवारपर्यंत राहा, आणि त्यांना म्हण, चला, मीही येतो फिरायला. तळ्याकडे नेलं तर पहिल्यांदाच बघितल्यासारखं कर. तोफखान्याची एखादी गोष्ट आठवते का, असं सहज विचार, मग ते कदाचित तुला सगळं सांगतील, आणि ते त्यांनीच सांगायला हवं. सांगितलं तर रड त्यांच्याजवळ, पण गाडीचं नाव काढू नकोस. तुझा स्कार्फ गाडीतच होता, आईच्या सीटच्या डोक्यापाशी घडी घालून, ती त्याला टेकून बसायची. तो तुझ्यासाठी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलाय. गाडी आता ठणठणीत आहे, मी एकटी घाटावर जाऊन आले, एका दमात चढली, आणि वर पोचल्यावर मी बराच वेळ खाली उतरू शकले नाही. चावी घ्यायला गॅरेजमध्ये येशील तेव्हा ती माझ्या हातातून हिसकावून घे, नीट घेऊ नकोस. बाबा वरच्या खिडकीत असतील.

तुझीच,
निष्काळजी ताई